दहा वर्षांच्या मुलीला डिजिटल ड्रॉइंगसाठी काय घ्यावं? पैसे पेनावर घाला, सॉफ्टवेअर फुकटातलंच वापरा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. मुलगी दहा वर्षांची, पाचवीत, कागदावर छान काढते, सध्या तुमच्या फोनवर बोटाने चित्रं काढत बसते. घरात आय थ्रीवाला जुना लॅपटॉप आहे, चार जीबी रॅमचा. बजेट पाच हजार. दुकानदार म्हणतो आयपॅडशिवाय होणारच नाही आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलंय की सॉफ्टवेअरला दर महिन्याला पैसे भरावे लागतात. शिवाय धाकटा पाच वर्षांचा आहे, तोही मागे लागणारच. आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांचं काय, हेही तुम्ही विचारलंय. मी पुस्तकांसाठी चित्रं काढतो आणि बरीच वर्षं मुलांना डिजिटल ड्रॉइंग शिकवतोय, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

पाच हजारात होतं. नीट होतं. त्यातले अडीच ते साडेचार हजार पेन टॅबलेटला, म्हणजे लॅपटॉपला जोडायच्या पॅड आणि पेनाला, जातील आणि सॉफ्टवेअरला एक रुपयाही लागणार नाही. लॅपटॉप आहे तोच चालेल.

आधी एक गोष्ट समजून घ्या, मग बाकी सगळे निर्णय सोपे होतात. डिजिटल चित्रात सगळ्यात महत्त्वाचं काय असेल तर पेनाचा दाब. म्हणजे हलक्या हाताने ओढली की रेषा बारीक आणि फिकी, जोर दिला की जाड आणि गडद. तुमची मुलगी पेन्सिलीने कागदावर हेच करत असणार, तिच्या लक्षातही येत नसेल. बोटाने किंवा साध्या रबरी टोकाच्या स्टायलसने फोनवर काढताना हे गायब होतं, सगळी रेषा एकाच जाडीची येते, मग मूल हळूहळू रेषा सोडून नुसतं रंग भरायला आणि रेडिमेड स्टिकर चिकटवायला लागतं, आणि आईवडिलांना वाटतं आवड गेली. आवड गेलेली नसते, हातातलं साधन तिला साथ देत नसतं. म्हणून काहीही विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, याच्या पेनाला दाब कळतो का? दुकानदाराला कळत नसेल तर प्रॉडक्टच्या पानावर 'प्रेशर सेन्सिटिव्हिटी' किंवा 'प्रेशर लेव्हल्स' असं काही लिहिलंय का ते शोधायचं. लिहिलेलं नसेल तर दाब कळत नाही असंच समजा.

या एका प्रश्नावर बाजारातल्या निम्म्या वस्तू बाद होतात. दोन-तीनशे रुपयांना मिळणारं ते काळं एलसीडी रायटिंग पॅड, ज्यावर हिरवी किंवा रंगीत रेषा उमटते आणि बटण दाबलं की सगळं पुसतं, त्यालाही ऑनलाइन सर्रास 'ड्रॉइंग टॅबलेट' म्हणतात. ते पाटीच्या जागी वापरायला ठीक आहे पण त्यातलं चित्र सेव्ह होत नाही, लॅपटॉपला जोडता येत नाही, रंग निवडता येत नाही. आणि धाकटा पाच वर्षांचा आहे म्हणून मुद्दाम सांगतो, या पॅडमध्ये बटणासारखा चपटा सेल असतो, त्याचं झाकण स्क्रूने पक्कं बसलंय ना ते बघाच, असा सेल गिळला गेला तर फार गंभीर प्रकरण होतं. दुसरी फसणारी वस्तू म्हणजे कुठल्याही टॅबसोबत 'पेन फ्री' म्हणून मिळणारा स्टायलस. तो बहुतेक वेळा बोटाचंच काम करतो. सॅमसंगचा टॅब ए ९ स्वस्त पडतो म्हणून लोक ड्रॉइंगला घेतात पण त्याला एस पेन, म्हणजे सॅमसंगचं दाब ओळखणारं पेन, चालतच नाही.

आयपॅडबद्दल दुकानदार खोटं बोलत नाहीये. आयपॅड आणि त्यावरचं प्रोक्रिएट हे चित्रं काढायचं ॲप, दोन्ही उत्तमच आहेत आणि प्रोक्रिएट एकदाच पैसे देऊन घ्यायचं असतं, दर महिन्याचा खर्च नाही. पण आयपॅड अधिक पेन्सिल चाळीस हजारांच्या वर जातं. त्यात एक खाच अशी की २०२३ मध्ये आलेल्या, सगळ्यात स्वस्त अशा यूएसबी-सीवाल्या ॲपल पेन्सिलला दाब कळतच नाही, तिरकी धरली तर कळतं पण दाबली तर नाही. एवढे पैसे घालून नेमकी तीच पेन्सिल घेऊन आलेले पालक मला भेटतात. बाहेरच्या कंपन्यांच्या दोन-अडीच हजारांच्या आयपॅड पेन्सिलींचंही बहुतेक तेच. पुढेमागे कधी आयपॅड घेतलात तर त्या मॉडेलला चालणारी आणि दाब ओळखणारी पेन्सिल कुठली ते आधी बघा. आत्ता पाचवीतल्या मुलीसाठी याची अजिबात गरज नाही.

आता काय घ्यायचं ते. स्क्रीन नसलेला पेन टॅबलेट घ्या. म्हणजे एक काळं सपाट पॅड, यूएसबीने लॅपटॉपला लागतं, पेन पॅडवर चालवायचं आणि चित्र लॅपटॉपच्या स्क्रीनवर उमटतं. वॅकॉमचा 'वन बाय वॅकॉम' छोटा, म्हणजे सीटीएल-४७२, ह्युऑनचा एच ६४० पी, एक्सपी-पेनचा स्टार जी ६४०, यातला जो त्या दिवशी स्वस्त मिळेल तो घ्या, अडीच ते साडेचार हजारांच्या मध्ये मिळून जातो आणि सेल लागला की त्याहून कमीत. मला विचाराल तर आधी वॅकॉम, ड्रायव्हरची, म्हणजे पॅडची लॅपटॉपशी ओळख करून देणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची, कटकट त्यात कमी. ह्युऑनच्या एच ६४० पी ला पॅडवरच सहा बटणं आहेत ज्यांना 'अंडू' (शेवटची रेषा मागे घेणं), 'ब्रश मोठा' अशी कामं नेमून देता येतात. वॅकॉमच्या या छोट्या मॉडेलला पॅडवर बटणंच नाहीत, पेनावर दोन आहेत. दहा वर्षांच्या मुलीला कीबोर्डवर कंट्रोल झेड दाबता येतं, त्यामुळे एवढ्यावरून निर्णय करू नका.

जाहिरातीत २०४८ लेव्हल, ८१९२ लेव्हल, आता तर १६३८४ लेव्हल असे आकडे फेकतात. वन बाय वॅकॉमला २०४८ आहेत आणि मुलाच्या हाताला तेवढ्या भरपूर झाल्या, मी स्वतः दोन्ही प्रकारची पॅडं वापरतो आणि रेषेत फरक दाखवा म्हटलं तर मला दाखवता यायचा नाही. आकाराचंही तसंच. छोट्या पॅडचा चालणारा भाग साधारण सहा बाय चार इंच असतो, पोस्टकार्डाएवढा. तो मुलांच्या हाताला बरोबर पुरतो आणि जुन्या लॅपटॉपच्या पंधरा इंची स्क्रीनलाही. मोठं पॅड घेतलं तर टेबलावर लॅपटॉपपुढे मावत नाही, मग ते बाजूला तिरकं ठेवलं जातं आणि रेषा तिरक्या जातात.

या तिन्ही पॅडांच्या पेनात बॅटरी नसते, चार्जिंग नाही. पॅडच्या आतून सूक्ष्म चुंबकीय लहरी निघतात, पेनातली छोटी कॉइल त्यावरच जागी होते आणि आपण कुठे आहोत, किती दाबलंय ते पॅडला परत कळवते. याचा एक मस्त फायदा असा की पॅड मधल्या कागदातूनही पेन ओळखतं. मुलीला गुळगुळीत पॅडवर पेन घसरतंय असं वाटलं, आणि सुरुवातीला वाटणारच, तर पॅडवर साधा ड्रॉइंग पेपर कापून कडेने चिकटपट्टीने लावा, लगेच ओळखीचं वाटायला लागतं. कागदावर काढलेलं पेन्सिलचं छोटं चित्र पॅडवर ठेवून त्याच्यावरून पेन फिरवूनही उतरवता येतं. फक्त खरखरीत कागदावर पेनाची निब लवकर झिजते. निब म्हणजे टोकाचा तो प्लॅस्टिकचा तुकडा, बॉक्समध्ये जास्तीच्या दोन-चार तरी मिळतात आणि काढायची छोटी रिंग किंवा चिमटा मिळतो. टोक तिरकं झिजून धारदार झालं की बदला नाहीतर पॅडवर चरे पडतात.

सॉफ्टवेअरचं उत्तर एका शब्दात, क्रिटा. हे केडीई या जगभरातल्या मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या गटातून आलेलं आहे, पूर्ण फुकट, मुदत नाही, वॉटरमार्क नाही, जाहिराती नाहीत, खातं उघडायची भानगड नाही. आणि हे लहान मुलांचं खेळणं नाही, व्यावसायिक चित्रकार वापरतात. ते क्रिटाच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच उतरवा. मायक्रोसॉफ्ट स्टोअर आणि स्टीम या ऑनलाइन दुकानांत त्याला पैसे लावलेले दिसतील, ते पैसे क्रिटा बनवणाऱ्यांनाच जातात पण वस्तू तीच आहे, त्यामुळे गोंधळू नका. दर महिन्याला पैसे भरण्याचं जे तुम्हाला सांगितलंय ते अडोबीच्या फोटोशॉपबद्दल आहे, ते खरंच तसं आहे, पण शिकणाऱ्या मुलाला फोटोशॉप लागत नाही. आणि दुकानदार 'क्रॅक टाकून देतो' म्हणाला तर ठाम नाही म्हणा. त्या फाइलींबरोबर काय काय लॅपटॉपात शिरतं याचा नेम नसतो, घरच्या लॅपटॉपवर तुमचं बँकेचं काम होतं, आणि मुलीच्या हातात पहिलंच साधन चोरीचं देण्याचं काही कारण नाही जेव्हा तितकंच चांगलं हक्काचं फुकट मिळतंय.

लॅपटॉप चार जीबीचा आहे म्हणून थोडी काळजी घ्यावी लागेल. विंडोज ६४ बिट आहे का ते बघा, सेटिंगमध्ये सिस्टीम, अबाउट इथे लिहिलेलं असतं, कारण नवीन क्रिटा ३२ बिटवर चालत नाही. ६४ असेल तर नवीन चित्र उघडताना कॅनव्हास ए फोर, दीडशे डीपीआय (एका इंचात किती ठिपके ते) ठेवा, म्हणजे १२४० बाय १७५४ पिक्सेल. क्रोम बंद करून बसायचं. तीनशे डीपीआयचा ए फोर म्हणजे २४८० बाय ३५०८ होतो, पिक्सेल थेट चौपट, आणि त्यावर पंधरा लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे पारदर्शक थर, झाले की जुना लॅपटॉप रांगायला लागतो, मूल वैतागतं. एखादं चित्र फ्रेम करायचं असेल तेव्हा तेवढ्यापुरतं मोठं घ्या. वॉटरकलरचे आणि ओल्या रंगाचे ब्रश जड असतात, ते सुरुवातीला नकोत. बेसिक-५ साइज, पेन्सिल-२ आणि एक शाईचा ब्रश, या तिघांवर महिनोन्महिने काम होतं. क्रिटात ब्रश शेकड्याने दिसतात आणि मुलं ब्रश बदलत बसण्यातच संध्याकाळ घालवतात म्हणून हे तीन 'फेव्हरिट' करून ठेवा, कॅनव्हासवर राइट क्लिक केलं की गोल चक्रात तेवढेच दिसतात, बाजूला रंगांचं वर्तुळही येतं.

आता जोडणीचं सांगतो कारण पहिल्या दिवशी बहुतेक घरांत इथेच घोडं अडतं आणि पॅड खराब आहे म्हणून परत पाठवलं जातं. आधी कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाका, लॅपटॉप रीस्टार्ट करा. आधी कधी दुसऱ्या कंपनीचा पॅड जोडलेला असेल तर त्याचा ड्रायव्हर काढून टाका, दोन ड्रायव्हर एका घरात नांदत नाहीत. मग क्रिटा उघडून एक रेषा ओढा. रेषा उमटली पण सगळी एकाच जाडीची आली तर पॅड ठीक आहे, दाब पोचत नाहीये. क्रिटाच्या सेटिंग्जमध्ये 'कॉन्फिगर क्रिटा', त्यात 'टॅबलेट सेटिंग्ज', तिथे पेनाचा दाब पोचवायचे विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय असतात, जो निवडलेला आहे त्याच्या उलटा निवडा, क्रिटा बंद करून परत उघडा, दहातल्या नऊ वेळा इथेच सुटतं. पेन टेकवून ठेवलं की एक गोल रिंग येते आणि रेषा अडखळते असं होत असेल तर ती विंडोजची 'प्रेस अँड होल्ड'ची सवय आहे, कंट्रोल पॅनलमध्ये 'पेन अँड टच'मध्ये जाऊन बंद करा.

आणखी दोन सेटिंग्ज. एक, ड्रायव्हरमध्ये 'फोर्स प्रपोर्शन' किंवा तशाच नावाची खूण असते ती लावा. पॅडचा आकार आणि स्क्रीनचा आकार एका प्रमाणात नसेल तर मुलगी हाताने गोल काढते आणि स्क्रीनवर अंडं दिसतं, तिला वाटतं मला जमत नाही. दुसरं, दाबाची कमान, म्हणजे प्रेशर कर्व्ह, मऊ बाजूला सरकवा. मुलं पेन कागदावरच्या पेन्सिलीसारखं रेटून धरतात, बोटं दुखतात आणि निब झिजते. मऊ केलं की हलक्या हातानेही जाड रेषा मिळते आणि रेटायची सवय आपोआप सुटते. मुलगी डावखुरी असेल तर ड्रायव्हरमध्ये डाव्या हाताची सेटिंग करून पॅड उलटं फिरवून ठेवायचं.

पहिले काही दिवस हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे हे जड जातंच, मोठ्यांनाही जातं, तेव्हा पहिल्याच दिवशी 'मोर काढून दाखव' असं म्हणू नका. पॅड बरोबर स्क्रीनच्या समोर, सरळ, लॅपटॉप जरा मागे सरकवून. क्रिटात ठिपके ठेवायचे आणि ठिपक्यांना रेषेने जोडायचं, रांगोळीचे असतात तसे ठिपके. मग दोन समांतर रेषांच्या मधून तिसरी रेषा न्यायची. मग स्वतःचं नाव देवनागरीत मोठ्या अक्षरात, शिरोरेघ एका दमात. रोज पंधरा-वीस मिनिटं केलं की आठवडा-दोन आठवड्यांत हात बसतो आणि एकदा बसला की पॅडकडे बघावं लागत नाही. तिला एम ही की दाखवा, ती दाबली की चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं आणि चेहऱ्याचा एक डोळा वर गेलाय ते झटकन कळतं. ई दाबलं की हातातलाच ब्रश खोडरबर होतो. सुरुवातीला एवढ्याच कीज पुरे.

पण मला मुलांना शिकवताना सगळ्यात जास्त फळ ज्यातून मिळालंय ते वेगळंच आहे. तुमची मुलगी कागदावर चांगली काढते ना, मग तिचं कागदावरचं चित्रच लॅपटॉपात घ्या. पेन्सिलीने काढून वर काळ्या जेल पेनने गिरवू दे. दिवसा खिडकीजवळ कागद सपाट ठेवून, सावली पडू न देता, फोन बरोबर वर धरून फोटो काढा. तो क्रिटात उघडायचा, फिल्टरमध्ये 'लेव्हल्स' घ्यायचं, तिथे खाली तीन छोटे त्रिकोण असतात, उजवीकडचा थोडा आत सरकवला की करडा दिसणारा कागद पांढरा होतो, डावीकडचा आत घेतला की शाई काळी होते. मग त्या लेयरचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळायची पद्धत, 'मल्टिप्लाय' करायचा, त्यामुळे पांढरं पारदर्शक होतं आणि फक्त रेषा उरतात. त्याच्या खाली नवीन लेयर घेऊन त्यावर रंग. रंग रेषेच्या खाली राहतो, रेषा बिघडत नाही. एका रंगसंगतीने झालं की तो रंगाचा लेयर डुप्लिकेट करून दुसरी संगती. मुलं हे पहिल्यांदा बघतात तेव्हा खुर्चीतून उठतात अक्षरशः, कारण कागदावर रंग चुकला की चित्र गेलं ही भीती त्यांच्या मनात असते आणि इथे ती एका मिनिटात जाते. आणि यात कागद सुटत नाही, उलट मुलं कागदावर जास्त काढायला लागतात कारण आता त्याचं पुढे काहीतरी होणार असतं. पॅड यायच्या आधीसुद्धा हे आजच माउसने करून बघता येईल, रंग भरायला माउस पुरतो.

तुम्ही एलिमेंटरी, इंटरमिजिएटचं विचारलंत. या शासकीय रेखाकला परीक्षा कला संचालनालय घेतं, त्या कागदावरच होतात, आणि पुढे बीएफए या कलेच्या पदवीसाठीच्या सीईटी प्रवेश परीक्षेतलं चित्रांचं कामही हातानेच असतं, त्यामुळे पॅड आणलं म्हणून ड्रॉइंगचे सर किंवा कागद-पोस्टर कलर बंद करू नका. पण संकल्पचित्राच्या, म्हणजे डिझाइनच्या पेपरच्या सरावाला क्रिटा फार कामाचं आहे. त्यात मल्टिब्रश नावाचं टूल आहे. त्यात मध्यबिंदू ठरवायचा, आठ ब्रश निवडायचे आणि एक पाकळी काढायची, आठही बाजूंना एकाच वेळी पाकळ्या उमटतात. रांगोळी, मंडल, गालिच्याची नक्षी, सगळं यातून येतं. यात मुलगी एक वेलांटी जरा वाकडी काढून बघते आणि सगळ्या नक्षीवर काय परिणाम होतो ते त्याच क्षणी दिसतं, हे कागदावर तासभर बसल्याशिवाय दिसत नाही. दुसरी गंमत, कीबोर्डवर डब्ल्यू दाबलं की चित्र चारही बाजूंना टाइल्ससारखं पुन्हापुन्हा दिसायला लागतं, एका चौकोनात कोयरी काढली की पैठणीच्या काठासारखी रांग तयार. ज्या संगती क्रिटात बऱ्या वाटल्या त्यातली एक निवडून मग ती कागदावर पोस्टर कलरने करायची. असा सराव केलेल्या मुलांचं रंगाचं नियोजन परीक्षेत कमी गडबडतं असं मी बघत आलोय.

फोनचं काय, तर फोन काढून घेऊ नका, प्रवासात कामाला येतो. स्केचबुक हे ॲप ठेवा, फुकट आहे आणि साफसुथरं आहे, त्यातही रांगोळीसारखी सिमेट्री आहे. ते पूर्वी ऑटोडेस्कचं होतं, २०२१ पासून वेगळ्या कंपनीकडे आहे, त्यामुळे नावात बदल दिसला तर घाबरू नका. आयबिस पेंट मुलांमध्ये प्रचंड चालतं आणि ॲप म्हणून ताकदवान आहे, पण फुकटच्या आवृत्तीत जाहिराती येतात, काही ब्रश जाहिरात बघितल्यावर उघडतात, आणि त्यात चित्रं जगासमोर टाकायची ऑनलाइन गॅलरी आहे. दहा वर्षांच्या मुलीसाठी मी ते टाळतो. तिने ते आधीच लावून घेतलं असेल तर निदान चित्र काढताना फोन एअरप्लेन मोडवर ठेवा आणि गॅलरीत तिचं नाव, शाळा काही टाकू देऊ नका. काही पेन टॅबलेट ओटीजी केबलने (फोनला यूएसबीची वस्तू जोडायची केबल) अँड्रॉइड फोनलाही लागतात, पण सगळी मॉडेलं लागत नाहीत, बॉक्सवर अँड्रॉइड लिहिलेलं हवं, आणि फोन उभा धरला की बऱ्याच पॅडांचा एक छोटा भागच चालतो, म्हणून फोनसाठी म्हणून पॅड घेऊ नका.

धाकट्यासाठी टक्स पेंट हे लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर. तेही फुकट, २००२ पासून आहे, साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठीच बनवलेलं, मोठी बटणं, प्रत्येक गोष्टीला आवाज, शिक्के, आणि सेव्ह करताना फाइलचं नाव, फोल्डर असलं काही विचारत नाही, पुढच्या वेळी चित्रांचे छोटे नमुने दाखवतं त्यातून निवडायचं. भाषेच्या यादीत मराठीही आहे. त्याला माउस द्या, त्याच्या ताईचं पेन देऊ नका, कारण पेन हरवलं किंवा टोकावर पडलं तर नुसतं पेन घ्यायला पॅडच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. याच कारणाने जुनं वापरलेलं पॅड घेताना पेन मूळ आहे का आणि दाब चालतो का हे लॅपटॉपला जोडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिला अक्षरं, शुभेच्छापत्रं, गणपतीच्या आरासाचे बोर्ड असलं काही करायचं असेल तर इंकस्केप हे सॉफ्टवेअर टाका. ते रेषा गणिती पद्धतीने साठवतं म्हणून कितीही मोठं केलं तरी फुटत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे देवनागरी फॉन्ट फुकट आहेत, दिसायला देखणे आहेत, ते बसवून घ्या, मग बाजारातल्या त्याच त्या फॉन्टच्या मागे लागावं लागत नाही. ॲनिमेशनची हौस आली तर क्रिटातच टाइमलाइन आहे, उडी मारणारा चेंडू आठ-दहा फ्रेममध्ये होतो, वेगळं काही घ्यायला नको.

शिकायला महागडा ऑनलाइन कोर्स आत्ता नको. फ्रान्सचे चित्रकार डेव्हिड रेव्हॉय आपल्या कॉमिकच्या क्रिटातल्या मूळ फाइल्स सगळ्यांसाठी खुल्या ठेवतात. त्यातली एक उतरवून तुमच्या मुलीला एकेक लेयर डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून बंद-चालू करू द्या. कच्ची रेघ, शाई, सावली, प्रकाश, एका पानाच्या पोटात काय काय असतं ते ती स्वतः बघेल. फाइल जड असते, चार जीबीवर उघडायला वेळ लागेल, तेवढा धीर धरा.

दोन-तीन वर्षांनी ती अजूनही रोज काढत असेल आणि स्क्रीनवरच काढायचं म्हणत असेल तर तेव्हा एस पेन बॉक्समध्येच मिळणारा सॅमसंगचा टॅब एस ६ लाइट किंवा त्याच्या पुढचं मॉडेल बघा, आयपॅडच्या बऱ्याच खाली पडतो आणि त्या पेनाला दाब कळतो. तोपर्यंत पॅड वाया जात नाही, मी ओळखतो त्यातले कितीतरी कामकरी चित्रकार आयुष्यभर स्क्रीन नसलेलंच पॅड वापरतात, मान वाकत नाही म्हणून.

मागवताना जीएसटीचं बिल घ्या, वॉरंटीला लागतं. बॉक्स उघडला की जास्तीच्या निब कुठे आहेत ते आधी शोधा, काही पॅडांत त्या पेनाच्या पोटात किंवा पेन स्टँडच्या आत लपवलेल्या असतात आणि लोक रिकामा समजून स्टँड टाकून देतात. आणि लॅपटॉपची विंडोज ३२ बिट निघाली तर घाईने काही मागवू नका, विंडोज कुठली आहे, हार्ड डिस्कमध्ये जागा किती उरली आहे आणि मुलगी उजव्या हाताने काढते की डाव्या हे लिहा, मग त्या लॅपटॉपवर काय बसेल ते सांगतो.